‘गेली उसण’ म्हणणारा माणूस

मी पायाळू आहे. म्हणजे जन्मताना डोक्याऐवजी माझे पाय आधी बाहेर आले. कर्जतजवळच्या कोंडाण्याला आईच्या माहेरी सुईणीने मला कशीबशी ओढून काढलं, आम्ही दोघीही वाचलो, आणि त्या दिवसापासून माझ्या पायांना एक काम लागलं ते आयुष्यभराचं. पाठीत, कमरेत एकाएकी कळ भरली, माणूस वाकडा झाला, की आमच्याकडे म्हणतात उसण भरली. आणि उसणीवर औषध एकच, पायाळू माणसाची लाथ. दुखणारा पालथा पडतो, पायाळूने डावा पाय तीनदा पाठीला लावायचा, की उसण पळते. मी शाळेत जायच्या आधीपासून मोठमोठी माणसं माझ्यापुढे पालथी पडत आली आहेत.

पुढे मी विज्ञानाची शिक्षिका झाले, हा त्यातला विनोद. कर्जतच्या शाळेत निवृत्त होईपर्यंत मी मुलांना रक्ताभिसरण शिकवलं. हृदय, त्यातून निघणारी महाधमनी, ती खाली पोटात उतरते आणि बेंबीपाशी तिच्या दोन फांद्या होतात, हे चित्र लाल खडूने फळ्यावर किती वेळा काढलं असेल त्याला गणती नाही. आणि रविवारी सकाळी त्याच मुलांचे बाप माझ्या ओटीवर चटई अंथरून पालथे पडायचे. मी म्हणायचे, अहो, हे स्नायू आखडतात, शेक घ्या, दोन दिवस आराम करा. ते म्हणायचे, घेतो बाई, पण आधी पाय लावा. मग मी लावायचे. कुणाचं काय बिघडत होतं?

लग्न झालं तेव्हा आमच्या ह्यांना या प्रकाराची फार मौज वाटली. हे साजगावच्या एका कारखान्यात होते, यंत्रांच्या देखभालीला. अवजड काहीतरी उचलायचं आणि पाठ धरून घरी यायचं, हे ठरलेलं. कर्जतमध्ये नवऱ्याला लाथ मारायचा परवाना असलेली बायको एकच, आणि ती माझ्या वाट्याला आली, असं हे मित्रांना सांगायचे. मी पाय लावायचे, आणि नवऱ्याला पाय लागला म्हणून लगेच खाली वाकून पाठीला हात लावून नमस्कार करायचे. मग हे उठून बसायचे, कंबर इकडे तिकडे वळवून बघायचे आणि म्हणायचे, “गेली उसण.”

दर वेळी तेच दोन शब्द. बाकीच्या लोकांना गुण यायचा, नाही यायचा, मला त्याचं काही नव्हतं. पण ह्यांनी ‘गेली’ म्हटलं की मी दिवसभर खुशीत असायचे. शाळेतल्या बाईंना जे पटत नव्हतं ते घरातल्या बायकोला कधीच पटलेलं होतं. खरं सांगायचं तर आमच्या संसारात लाडीगोडी फारशी नव्हती. जी काय होती ती त्या चटईवर.

निवृत्तीनंतर ह्यांची उसण वाढली. आता काही उचलत नव्हते, तरी पाठ दुखायची. मी विचारायचे, लाथ हवी का? पूर्वी स्वतःहून चटई काढणारा माणूस आता म्हणायचा, राहू दे, बरं आहे. मी सोडत नसे. माझं हक्काचं काम होतं ते. मग हे पालथे न पडता कुशीवर निजायचे आणि म्हणायचे, हळू गं, नुसता टेकव. मी म्हणायचे, आता म्हातारपणी नाजूक झालात. पाय टेकवायचे, नमस्कार करायचे. आणि हे म्हणायचे, गेली उसण.

त्याच सुमारास ह्यांचं खोपोलीला जाणं सुरू झालं. दर पाच-सहा महिन्यांनी एकदा. माझे दीर खोपोलीत राहतात. कारखान्यातल्या जुन्या मंडळींची बैठक असते, जेवण असतं, भाऊजी गाडी घेऊन न्यायला येतात, असं मला सांगितलेलं. मी घडीचा शर्ट काढून द्यायचे. परत आले की विचारायचे, कोण कोण भेटलं, काय जेवलात. हे अगदी तपशिलाने सांगायचे. अमक्याच्या मुलीचं लग्न ठरलं, तमक्याचे गुडघे गेले. एकदा तर कोलंबीचा रस्सा कसा बिघडला होता तेही सांगितलं. मीही त्यावर बोलले, की मोठ्या स्वयंपाकात तिखटाचा अंदाज चुकतो.

सिगारेट ह्यांनी निवृत्तीच्या दिवशी सोडली होती. तसं मला सांगितलं होतं. तोंडाला लवंगेचा वास यायचा, दात दुखतो म्हणाले. मीच वाण्याकडून लवंगा आणून डबी भरून ठेवायचे.

गेल्या दिवाळीत लेक पुण्याहून आली होती. पहिल्या अंघोळीच्या सकाळी ह्यांनी पाठ धरलेली पाहिली आणि मी चटई अंथरली. लेक एकदम पुढे आली. म्हणाली, आई, नको ना ते. मी म्हटलं, का गं? तर म्हणाली, बरं दिसत नाही, अंधश्रद्धा आहे ती, तू विज्ञान शिकवलंस ना? मला राग आला. मी म्हटलं, माझं विज्ञान मला शिकवू नकोस. हे दोघींकडे बघून कुशीवर निजले. मी पाय टेकवला. लेक आत निघून गेली, फराळाच्या ताटालाही बाहेर आली नाही. मला वाटलं, शहरात राहून हिला आईची लाज वाटायला लागली.

थंडीच्या दिवसांत एका सकाळी ती वेळ आली. चहा झाला होता, मी भाजी निवडत होते. हे स्वयंपाकघराच्या दारात उभे होते ते हळूहळू चौकट धरून खाली बसले. पाठीतून कळ निघून पोटात उतरत होती, जांघेकडे जात होती. कपाळावर घाम, आणि तोही थंडीत. मी उठले आणि सवयीने चटई ओढली. म्हटलं, पडा, पाय लावते.

“नको,” हे म्हणाले. “पाय नको. खोपोलीला फोन लाव.”

पायाला असं सरळ ‘नको’ म्हणायची ही पहिलीच वेळ. मी गोंधळले, पण फोन लावला. मी म्हटलं, भाऊजी, ह्यांच्या पाठीत जोराची उसण भरली आहे.  दीर एकेक शब्द तोडून म्हणाले, “वहिनी, मी सांगतो ते ऐका. पोटाला, पाठीला कुणी हात लावू नका. पाय तर नाहीच नाही. शेजारची गाडी काढा आणि आधी दवाखाना गाठा. मी निघालोच.”

एका उसणीला एवढं काय, असं मी विचारणार होते. पण त्यांच्या आवाजाने मीच घाबरले.

आमच्या शेजारी एक मुसलमान कुटुंब आहे, पिढ्यान्पिढ्या इथलंच, बाजारात त्यांचं बांधकामाच्या सामानाचं दुकान. घरातले भाई ह्यांच्या वयाचे. सिमेंटच्या गोणी उचलून त्यांचीही पाठ जाते, तेही माझ्या चटईवरचे नेहमीचे. त्यांनी टेंपो बाजूला काढून घरची गाडी दारात लावली. ह्यांना मागच्या सीटवर आडवं केलं. भाई मला म्हणाले, बाई, तुमी पाय लावला नाय का? मी म्हटलं, नको म्हणाले. भाईंनी गाडी जपून पण झपाट्याने पुलावरून घेतली.

कर्जतच्याच एका लहान इस्पितळात नेलं. तरुण डॉक्टर होता, शांत. नाडी पाहिली, रक्तदाब पाहिला, पोटाला हळूच बोटं लावली आणि लगेच सोनोग्राफीच्या खोलीत घ्यायला सांगितलं. मी ह्यांच्या चपला हातात घेऊन पायथ्याशी उभी होते. पडद्यावर करड्या रंगाचं काहीतरी हलत होतं. डॉक्टरने हात थांबवला, पडद्यावर दोन खुणा केल्या आणि विचारलं, काका, हे तुम्हाला ठाऊक होतं का?

“हो,” हे म्हणाले. “मागच्या खेपेला पाच होती. त्याआधी साडेचार. सुरुवातीला चारच्याही आत.”

पाढा म्हणावा तसं म्हणाले. दुखत होतं तरी एक आकडा अडला नाही.

मी विचारलं, काय पाच? कोणी माझ्याकडे बघेना. मग डॉक्टरच म्हणाला, आई, पोटातल्या महाधमनीला फुगवटा आहे. तिची भिंत एका जागी पातळ होऊन फुगत जाते. पुष्कळांना वर्षानुवर्षं काही जाणवत नाही, दुसऱ्याच कशासाठी सोनोग्राफी करावी आणि हे सापडावं, असंच होतं. पासष्टीच्या पुढचे पुरुष, त्यातही सिगारेट-बिडी ओढणारे, यांना धोका जास्त. फुगवटा लहान असतो तोवर नुसती नजर ठेवायची, ठरावीक महिन्यांनी मोजायचा, रक्तदाब ताब्यात ठेवायचा, तंबाखू बंद. साडेपाच सेंटिमीटरच्या घरात गेला, किंवा दुखायला लागला, की दुरुस्ती करावी लागते. फुटला तर पोटातच रक्त जातं, आणि बरीच माणसं इस्पितळापर्यंतही पोचत नाहीत. काकांचा साडेपाचच्या पुढे गेलाय आणि दुखतोय. फुटलेला दिसत नाही. पण इथे थांबायचं नाही, मोठ्या इस्पितळात हलवतो.

मग त्याने ह्यांना विचारलं, सिगारेट? हे म्हणाले, दिवसाला दोन. कधी तीन.

माझ्या हातात चपला तशाच होत्या. महाधमनी मला कुणी समजावून सांगायला नको होती, ती मी लाल खडूने काढली होती. मला न समजणारी गोष्ट वेगळीच होती. डॉक्टरला पाच मिनिटांत जे कळलं ते माझ्या घरात राहणाऱ्या माणसाला कधीपासून ठाऊक होतं, आणि ते ठाऊक असताना तो माझ्या पायाखाली निजत होता.

रुग्णवाहिका चौक गावाच्या रस्त्याने निघाली. हे डोळे मिटून होते. मी त्यांचा हात धरला होता, कारण बायकोने धरायचा असतो, आणि त्याच वेळी मला तो हात झिडकारून टाकावासा वाटत होता. चौकला दीर रस्त्यात उभे होते, ते आत चढले. मी एवढंच विचारलं, ती जुन्या मंडळींची बैठक कुठे भरायची? दीर मान खाली घालून म्हणाले, “बैठक कसली वहिनी. सोनोग्राफीला जायचो. दादाने शपथ घातली होती.” थोडं पुढे गेल्यावर, मी न विचारताच म्हणाले, की लेकीला दिवाळीच्या आधी सांगावं लागलं, तिने फोनवर काहीतरी ऐकलं होतं. तिलाही शपथ.

म्हणजे लेकीला माझी लाज वाटत नव्हती. ती चटईवर तिच्या बापाचा जीव बघत होती. शपथ मोडता येत नव्हती म्हणून अंधश्रद्धा म्हणाली, आणि मी तिला तोडून बोलले. या माणसाने माझ्या लेकीलाही माझ्याशी खोटं बोलायला लावलं. त्या गाडीत माझ्याइतकं अडाणी कुणी नव्हतं. कोलंबीच्या रश्श्याबद्दल मत देणारी बाई.

मोठ्या इस्पितळात दुपारीच शस्त्रक्रिया ठरली. तिथल्या शल्यविशारद बाईंनी समजावलं. पोट उघडून फुगलेला भाग बदलायची जुनी पद्धतही आहे, पण ह्यांच्या धमनीची ठेवण बरी आहे, तर जांघेतल्या रक्तवाहिनीतून तार आत सरकवायची, तिच्यावरून घडी केलेली नळी न्यायची, कापडाची, तारेच्या जाळीने ताठ राहणारी. ती फुगवट्याच्या जागी आतून उघडायची, म्हणजे रक्त नळीतून जातं आणि पातळ भिंतीवर जोर येत नाही. धोका आहे, पण थांबण्यात जास्त आहे. नंतरही आयुष्यभर तपासण्या, कारण नळी सरकू शकते, कडेने रक्त झिरपू शकतं. मी सही केली. मग दीर जरा लांब गेलेले बघून विचारलं, डॉक्टर, ह्यांच्या पाठीवर कुणी पाय दिला असता तर? त्यांना वाटलं मी मसाजबद्दल विचारते आहे. म्हणाल्या, त्याने फुटतंच असं कुणी सांगू शकणार नाही, पण ठाऊक असताना दाब कोण देऊ देईल?

देणारा माणूस आत टेबलावर होता. बाहेर बसून मी देवाला त्याचं आयुष्य मागत होते, आणि मनात हिशेब चालू होता तो निराळाच. माझ्या पायाखाली ते फुटलं असतं तर मला जन्मभर कळलंही नसतं. लोक म्हणाले असते, शेवटच्या घटकेला बाईंनी पायसुद्धा लावला हो. आणि दीर, लेक, दोघं गप्प राहून माझ्याकडे बघत राहिले असते. माझ्या पायाने मरायची तयारी होती ह्यांची, पण मला सांगायची नव्हती.

शस्त्रक्रिया नीट झाली. संध्याकाळी आत सोडलं तेव्हा हे क्षीण हसले आणि म्हणाले, तू उगाच घाबरशील म्हणून नाही सांगितलं. मी पांघरूण सारखं केलं. म्हटलं, झोपा.

घरी आल्यावर मी सगळं केलं. पथ्याचं, गोळ्यांचं, चालायला नेण्याचं. बोलत मात्र कामापुरतं होते. लेक येऊन गळ्यात पडून रडली, तिला मी जवळ घेतलं. दिरांना चहा दिला. ह्यांचं मात्र मला क्षमा करवेना. भीती वाटली म्हणून लपवलं, हे मी समजू शकत होते. ऑपरेशनची भीती कुणाला वाटत नाही? सिगारेट उघडी पडेल ही भीतीही समजली. पण दर वेळी उठून ‘गेली उसण’ म्हणायचं, ते कशासाठी? मी विचारलं एकदा. हे म्हणाले, जायची ना गं, थोडी जायचीच. अजूनही तेच म्हणणं.

आणि गावात तर भलतंच पसरलं होतं. बाईंच्या पायाने नवरा वाचला. इतकी वर्षं पाय लागत होता म्हणून शीर फुटली नाही, असं म्हणे कुणीतरी बाजारात सांगितलं. भेटायला येणारे माझ्या पायांकडे बघायचे. मला वाटायचं हे आता बोलतील. हे खुर्चीत बसून हसायचे आणि म्हणायचे, हो ना, हिची लाथ. लोक हसायचे. मी आत जाऊन भांडी आदळायचे.

मग एका रविवारी सकाळी शेजारचे भाई आले, कमरेत वाकलेले. आपणच कोपऱ्यातली चटई काढून ओटीवर अंथरली. दोन दिस झालं, म्हणाले, पाठ धरलीय, पोटापर्यंत कळ येतीय.  भाई बिडी ओढतात, सगळ्या बाजाराला ठाऊक आहे. मी म्हटलं, उठा, आधी सोनोग्राफी करून या, मी पाय लावणार नाही. ते ऐकेनात. म्हणाले, बाई, असं काय करता, भाऊ तर तुमच्या पायानंच वाचलं, सगळं गाव सांगतंय, मला काय परकं समजता काय? आणि पालथे पडले.

मी ह्यांच्याकडे पाहिलं. हे खुर्चीत होते, हातात वर्तमानपत्र. त्यांना कळलं मी कशाची वाट बघते आहे ते. नेहमीसारखं हसायला गेले, पण हसू जमलं नाही. बराच वेळ वर्तमानपत्राची घडी घालत राहिले.

“उठ रे,” शेवटी म्हणाले. “मला काही गुण नाही आला. मरता मरता वाचलो ते डॉक्टरामुळे.”

भाई मान वर करून म्हणाले, “पण तुमी तर सांगायचात, भाऊ. एका लाथेत जाती म्हणून.”

“खोटं सांगायचो,” हे म्हणाले. “एकदाही नाही गेली. लग्नापासून एकदाही नाही. दुखत असायचंच. ही वाकून नमस्कार करायची, पाठीला हात लावायची, ते बरं वाटायचं. मग म्हणायचो गेली.”

भाई उठून बसले. एकदा ह्यांच्याकडे, एकदा माझ्याकडे पाहिलं आणि चटई गुंडाळून कोपऱ्यात उभी केली. त्याच दुपारी त्यांच्या मुलाने त्यांना तपासायला नेलं. मूतखडा निघाला. बाकी सगळं ठीक.

आता माझ्याकडे उसण घेऊन कुणी येत नाही. ह्यांच्या तपासणीला मी जाते, पडद्यासमोर उभी राहते, आकडा स्वतःच्या कानांनी ऐकते. नळी जागेवर आहे, फुगवटा आकसतो आहे. आम्ही दोघं बरे आहोत, असं लोक म्हणतात.

त्या रविवारी भाई गेल्यावर हे मला म्हणाले, आता तरी झालं ना मन मोकळं? खरं बोललो ना?  खरं ऐकलं की बरं वाटेल, असं मलाही वाटलं होतं. पण मला फक्त ह्यांनी लपवलेल्या आजाराचं खरं हवं होतं, आणि ह्यांनी माझ्या संसारातली होती नव्हती ती सगळी चटईवरची लाडीगोडी काढून घेतली. मी पाय लावायचे, हे म्हणायचे गेली, आणि मी दिवसभर आनंदात गाणं गुणगुणत भाकऱ्या थापायचे. आत हे पाठ धरून बसलेले असायचे.